तारा ओढायचा कंटाळा आलाय ना?

अगं,

तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, मधेमधे कोंबडा आरवतोय त्यामुळे मजा आली. केनियाला जाऊन तीन आठवडे झाले, हत्ती लांबून दोनदाच दिसले, दिवसभर शेतांभोवती नुसत्या तारा ओढायच्या नि मधमाश्यांच्या पेट्या टांगायच्या, आणि साऊथ आफ्रिकेत गेलेली मैत्रीण मात्र रोज सिंहाचं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो टाकते. हेच ना गाऱ्हाणं?

आधी त्या पिल्लांचं सांगतो. अनाथ आहेत म्हणतात, पण अशी रोज नवी नवी अनाथ पिल्लं येतात कुठून? बऱ्याच ठिकाणी आईपासून तोडून बाटलीवर वाढवतात, थोडी मोठी झाली की पर्यटकांबरोबर फिरवतात, आणि त्यातली कितीतरी पुढे कुंपणातल्या शिकारीसाठी, म्हणजे पळायला जागा नसलेल्या बंदिस्त जागेत पैसे घेऊन मारू देतात त्यासाठी, विकली जातात. जिथे जंगली जनावराला हात लावू देतात तिथे आपण जायचं नाही, बास. मैत्रिणीला शिव्या घालू नकोस पण, तिला कोणी सांगितलंच नसणार.

आता तुझ्या तारा. तू आहेस तो सगाल्लाचा भाग त्साव्हो ईस्ट नॅशनल पार्कला अगदी लागून, मक्याच्या दिवसात हत्ती शेतात उतरणारच. त्यांना अडवायला हे मधमाश्यांचं कुंपण: दर दहा मीटरवर एक पेटी, एक खरी मधमाश्यांची, मग एक नुसती फळी, मग परत खरी, आणि सगळ्या एकाच तारेत. हत्तीनं तार ढकलली की पेट्या हलतात, माश्या उठतात, आणि त्या सोंडेच्या आत नि डोळ्यांभोवती चावतात म्हणून एवढं मोठं धूड मागे फिरतं. सगळेच फिरत नाहीत, पण तिथल्या मोजणीत पाचातले चार वळले होते. आता विचार कर, तू तार जास्त ताणलीस तर पेटी हलेल का? ढिली सोडलीस तर? म्हणजे तुझ्या त्या कंटाळवाण्या गाठीवर कुणाचातरी वर्षाचा मका अडलाय.

माझीच फजिती सांगतो. आपल्या दोडामार्गात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आले, तेव्हा मी पण तुझ्यासारखाच उत्साही, एका केळीच्या बागेत पोचलो, रात्रीत सगळी आडवी झालेली, आणि मी गुडघ्यावर बसून पावलांचे फोटो काढत "काय भारी ठसा आहे!" असं मोठ्यानं बोललो. मालक शेजारीच उभे, पडलेली झाडं मोजत होते. बोलले काहीच नाहीत, वर चहा दिला. तो चहा अजून घशाखाली उतरला नाहीये.

म्हणून संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेव आणि ज्यांच्या शेताला तारा लावतेस त्या बाईंजवळ बस. रात्री राखणीला कोण जागतं, मुलं शाळेत झोपतात का, पेटी रिकामी झाली की काय करतात, हे विचार आणि वहीत लिही. दुष्काळात माश्याही पेट्या सोडून जातात. २०२२ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर केनियात २०५ हत्ती दुष्काळानं मेले, त्या वर्षी तिथल्या माणसांनी काय खाल्लं तेही विचार. तिथल्या स्वाहिली भाषेला घाबरू नकोस, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, चपाती तर चपातीच, अर्धं काम तिथेच झालं.

पेट्यांजवळ परफ्युम मारून जाऊ नकोस, हे सांगायचंच राहिलं. आणि यलो फिव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच ठेव, बॅगेच्या तळाशी नको, ते दाखवता आलं नाही तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये बसवतील आणि मग तुझ्या आईचा फोन मला येईल.

तुझा,
काका