एअर फ्रायरमध्ये ब्रसेल्स स्प्राउट्स (लिंबाएवढ्या छोट्या कोबीसारखी भाजी) बाहेरून करपतात, आतून कच्चे राहतात. काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही ते अख्खेच टाकताय आणि आचही २०० अंश सेल्सिअसच्या वर ठेवताय. देठाचा वाळका शेंडा तेवढा उडवा आणि उभे दोन भाग करा. देठ जास्त कापलात तर पानं सुटतात. सुटलेली पानं फेकू नका, शेवटच्या ३-४ मिनिटांत वरून टाका, चिप्ससारखी लागतात.

धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडे करा. ओले राहिले की वाफवले जातात, मग कुरकुरीतपणा विसरा. ४०० ग्रॅमला एक टेबलस्पून तेल, मीठ, मिरपूड. हाताने चोळा, कापलेल्या बाजूला तेल लागलंच पाहिजे. एकाच थरात पसरून १९० अंशांवर १२ ते १४ मिनिटं, मध्ये एकदा बास्केट हलवायची. सुरीचं टोक देठात सहज गेलं की बंद करा. त्यापुढे ठेवलंत तर उकडलेल्या कोबीचा तो वास येतो (शेवटी कोबीचाच सख्खा भाऊ!).

लसूण आधी घालू नका, जळून कडू होतो. मी शेवटी लिंबू पिळते आणि चिमूटभर लाल तिखट भुरभुरते. लगेच खा, दहा मिनिटांत मऊ पडतात.