ढेकूण, धूर आणि पालिका : वाचकांचे प्रश्न

लंडनच्या फिन्सबरी बरोतल्या (बरो म्हणजे स्वतःची पालिका असलेला शहराचा विभाग) आरोग्य केंद्रावरील लेखानंतर आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.

दवाखान्याच्या इमारतीत कुटुंबांना राहायला खोल्या कशाला?

ढेकणांमुळे! फिन्सबरीतली घरं जुनी आणि दाटीची. ढेकूण मारायला घरात विषारी वायू सोडला की माणसांनी जायचं कुठे? म्हणून गाद्या-कपडे निर्जंतुक करायला इथेच यायचे आणि घरची मंडळी या खोल्यांत राहायची. १९३८ साली उघडलेल्या या केंद्रात क्षयरोग तपासणी होती, दातांचा दवाखाना होता, पायांचासुद्धा वेगळा. आणि शवागारही. वास्तुकार लुबेटकिन यांनी इमारतीत उजेड-वारा मुबलक ठेवला. मला तर तीही औषधयोजनाच वाटते.

हे केंद्र उभं करण्यामागचे डॉ. कतियाल मराठी होते का?

नाही, पंजाबी. चुनीलाल कतियाल पालिकेच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष होते, १९३८ मध्ये महापौर झाले. पुढे भारतात परतून त्यांनी ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं, महासंचालकपद सांभाळलं. आपल्याकडच्या गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांचा संबंध आला तो या ईएसआयशी.

१९४८ मध्ये एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा) आल्यावर बरोच्या आरोग्य खात्याला काम काय उरलं?

५ जुलैला रुग्णालयं सरकारकडे गेली. लंडनमध्ये बाळंतपण, बालसंगोपन, लसीकरण ही कामं बरोंकडून साऱ्या लंडनच्या काउंटी कौन्सिलकडे गेली. बरोच्या आरोग्याधिकाऱ्याच्या हाती राहिली गटारं, राहण्यास अयोग्य घरं, भेसळीचं अन्न, साथीचे रोग आणि धूर. लोक याला उरलंसुरलं काम म्हणतात. मला पटत नाही. औषधाची पाळीच येऊ नये म्हणून करायची कामं हीच तर होती. आरोग्याधिकाऱ्याचं हे पद १९७४ च्या फेररचनेत गेलं.

धुराचं पालिका काय करणार?

बरंच काही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुकं बसलं. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसं दगावली. दोषी फक्त कारखाने नव्हते, घराघरातली कोळशाची शेगडीही होती. १९५६ च्या कायद्याने पालिकांना धूरबंदीचे विभाग जाहीर करता येऊ लागले. मात्र नुसती बंदी घालून भागणार नव्हतं, शेगडी बदलायला पैसे कोण देणार? मान्य खर्चाच्या दहा भागांतले चार सरकार देई, तीन पालिका, उरलेले तीन घरमालक. मग निरीक्षक घरोघरी जाऊन कुठे काय जळतंय ते नोंदवत. हे काम वर्षानुवर्षं, एकेका विभागाने पुढे सरकत राहिलं.