तीन फुटी टँकमध्ये अरोवाना ठेवता येईल का? लहान पिल्लू घेतलं तर ते टँकच्या मापानेच वाढतं ना?

तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या वरच्या थरात फिरणारा एखादा शिकारी मासा हवाय, टँक तीन फुटी आहे, सिल्व्हर अरोवानाचं बोटभर पिल्लू मिळतंय आणि आधीचे गप्पीही त्याच टँकमध्ये ठेवायचेत. शिवाय ‘मासा टँकच्या मापाने वाढतो’ हे खरं का, असंही विचारलंय.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि बाकीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच. सोळा वर्षं ऐकतेय मी ते. माझ्या थोरल्या भावाचं वाक्य आहे.

खोटं आहे. मासा त्याच्या जातीच्या मापाने वाढतो. कोंडलेल्या जागेत, घाण पाण्यात त्याची वाढ मंदावते, पण तेव्हा तो खुरटलेला, आजारी मासा असतो. आणि अरोवाना तर पुष्कळदा खुरटतही नाही, वाढत राहतो आणि वाकतो.

दादाने आणलं तेव्हा ते पिल्लू माझ्या करंगळीएवढं होतं, पोटाखाली पिवळ्या बलकाची पिशवी अजून लोंबत होती. टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, आणि ठेवला माझ्या खोलीत, कारण दादाच्या खोलीत जागा नव्हती. मी तेव्हाच विचारलं होतं, "अरे दादा, हा मोठा झाला की?" त्यावर ते वाक्य. वर्ष सरायच्या आत मासा सव्वा फुटाचा झाला. दुसऱ्या वर्षी दोन फुटांच्या आसपास. मोकळ्या पाण्यात हा मासा 90 सेंटिमीटरपर्यंत जातो हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मी निदान माहीत असल्याचा आव तरी आणला नाही.

दिसायला देखणा होता, ते नाकारत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाला पाठ घासत एका रेषेत जायचा, हनुवटीवरच्या दोन मिशा पुढे रोखलेल्या, जबडा वर उघडणारा. दिवा तिरका पडला की एकेक खवला वेगळा मोजता यायचा. पण कोपरा आला की सगळा डौल संपायचा. दीड फुटात दोन फुटी मासा वळणार कसा? नाक पुढच्या काचेला, शेपूट मागच्या काचेला, मधलं अंग धनुष्यासारखं. दिवसातून शेकडो वेळा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला त्याच्या जबड्याचा काचेवर बारीक ‘टक’ ऐकू यायचा. पुढे एक मिशी मुळापासून गेली. मग डावा डोळा खाली झुकला, कायमचा. त्याला लोक ड्रॉप आय म्हणतात आणि कारणं वेगवेगळी सांगतात: बुडालेल्या खाण्याकडे सतत बघणं, डोळ्यामागे साठलेली चरबी, अरुंद टँक. आमच्याकडे तिन्ही होतं. दादा त्याला हवरटासारखे मासे खाऊ घालायचा, तेही गोल्डफिश, ज्यांच्यात बी-1 जीवनसत्त्व नासवणारा थायमिनेज असतो. शिकारी माशाला जिवंत शिकारच लागते हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. नाही लागत. सवय लावली की तो तरंगत्या गोळ्या खातो, कोळंबी खातो, किडे खातो.

आता त्या रात्रीचं. दादा उशिरा घरी आला आणि त्याने माझ्या खोलीतला दिवा एकदम लावला. अंधारात पृष्ठभागालगत स्थिर असलेल्या माशावर अचानक उजेड पडला की तो काय करतो? उडतो. अॅमेझॉनच्या पुराच्या पाण्यात हा मासा वर झुकलेल्या फांदीवरचे भुंगे उडी मारून टिपतो, ‘पाण्यातलं माकड’ म्हणतात त्याला. मी दचकून उठले ती काच फुटल्याच्या आवाजाने. झाकणाची काच दोन तुकड्यांची होती, त्यातला एक तुकडा फरशीवर फुटलेला आणि शेजारी मासा. त्याची तडफडही बेताचीच चालली होती. दादाने ओल्या टॉवेलात धरून परत सोडला. नऊ दिवस जगला. खाल्लं काहीच नाही, डोकं खाली करून तरंगायचा.

आणि तेव्हापासून आमच्या घरात असं ठरलंय की संध्याकाळी खाणं घालून झाकण मी उघडं ठेवलं.

झाकण उघडं असतं तर काच कशाला फुटली असती? मोकळ्या जागेतून मासा नुसता बाहेर पडला असता. दुसरं, तुकडे गोळा करताना एका तुकड्याला मोठा, नखाएवढा खवला चिकटलेला मिळाला, आणि तो काचेच्या खालच्या बाजूला होता. वरच्या बाजूला धूळ, खालच्या बाजूला शेवाळाचा हिरवट थर, त्यामुळे बाजू ओळखण्यात चूक नाही. म्हणजे मासा बंद काचेवर खालून आदळला आणि ती उचलून बाहेर गेला. दोन फुटी मासा पातळ सुटी काच सहज उचलतो. मी हे आईसमोर मांडलं, वहिनीसमोर मांडलं. दादा म्हणतो, "अर्धवट लावलं असशील." बरं.

तर तुमचा प्रश्न. तीन फुटी टँकमध्ये अरोवाना नाही, सहा महिन्यांसाठीही नाही. ‘मोठा झाला की मोठा टँक घेऊ’ असं म्हणणाऱ्यांपैकी मोठा टँक घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय. सिल्व्हरला आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद टँक लागतो, त्यातही रुंदी जास्त महत्त्वाची, कारण त्याला वळायचं असतं. आशियाई अरोवानाच्या तर वाटेला जाऊ नका, तो 1975 पासून सायटीसच्या (धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, कागदपत्रं नसतील तर मासा जायचा आणि वर भानगड मागे लागायची.

त्यापेक्षा आफ्रिकन बटरफ्लाय फिश घ्या. अरोवानाचाच लांबचा नातलग आहे, एकाच गणातला, पण जेमतेम 10 ते 12 सेंटिमीटर. शास्त्रीय नाव पँटोडॉन बुखोल्झी, पेटर्सने 1876 मध्ये नोंदवला. वरून बघितलं तर पाण्यात पडलेलं तपकिरी पान. छातीचे पर पंखासारखे पसरलेले, पोटाखालून लांब काड्यांसारखे पर लोंबतात. तासन् तास हलत नाही. दादा याला ‘मेलेला मासा’ म्हणतो. पण दिवे मंद केल्यावर पाण्यावर एक रातकिडा सोडा आणि बघा. आधी मासा नुसता वळतो, किड्याच्या दिशेने, जागच्या जागी. मग किड्याचा एक पाय हलतो आणि पाण्यावर फक्त एक वर्तुळ उरतं.

याच्यासाठी टँकची खोली बिनकामाची आहे, पृष्ठभाग मोठा हवा. तीन फूट भरपूर झाले. फिल्टरचा धबधबा वरून पडत असेल तर तो बंद करा, स्पंज फिल्टर लावा, हवा अगदी मंद. वर तरंगती झाडं सोडा, पण मधे मोकळी जागा राहू द्या. तापमान 24 ते 28. आणि मुख्य गोष्ट: बुडालेलं खाणं याच्या लेखी नसल्यातच जमा. तळाला खच पडलेला असतो आणि वर मासा उपाशी. रोज खाणं घालूनही पोट खपाटीला जात असेल तर आजार शोधण्याआधी खाणं तरंगतंय का ते बघा. किडे घरात फवारणी झाल्यानंतरचे नकोत.

दादाचं म्हणणं असं की पाणी वर खळखळलं नाही तर मासे गुदमरतात. हा मासा तोंडाने हवाही घेतो, त्याला फरक पडत नाही. उलट झाकणाखालची हवा गरम, दमट राहिली पाहिजे. मात्र (हे मला कबूल करायला आवडत नाही) तळाच्या माशांना पडतो, आणि पाणी स्थिर ठेवलं की वर तेलकट तवंग धरतो. तेव्हा कागद पाण्यावर अलगद पसरायचा आणि एका कडेने उचलायचा, तवंग कागदाबरोबर येतो. मी दोन-तीन दिवसांनी करते.

आणखी एक, खरं तर आधी सांगायला हवं होतं. झाकणाला फिल्टरची नळी आणि हीटरची वायर जाते तिथली फट स्पंज कोंबून बुजवा. माझा पहिला बटरफ्लाय तिथूनच गेला, दोन बोटांच्या फटीतून. टँकच्या मागे धुळीत वाळलेला मिळाला, पर पसरलेले. ती फट मात्र मीच ठेवली होती, आणि दादाला हे कळल्यापासून खवल्याचा मुद्दा तो ऐकूनच घेत नाही.

बटरफ्लायचं मन होत नसेल तर गोल्डन वंडर, म्हणजे आपला पट्टेरी पँचॅक्स, त्याहून सोपा. तोही वरच राहतो, 10 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि चपळ असतो. हाफबीक दिसायला सुरेख, पण घाबरला की काचेवर आदळून खालचा लांब जबडा मोडून घेतो. आर्चरफिश टाळा, त्याच्या बहुतेक जातींना मचूळ पाणी मानवतं.

गप्पी राहिलेच. बटरफ्लाय किंवा गोल्डन वंडर, कुणासोबतही नाही, एकेक करून संपतील. टायगर बार्बही नको, बटरफ्लायच्या लोंबत्या काड्या तो कुरतडून टाकतो. तळाला कोरिडोरास ठेवा, पाच-सहा, आणि त्यांचं खाणं दिवे गेल्यावर बुडणारं घाला.