मेळघाटात भरदिवसा दिसलेलं छोटं घुबड वनपिंगळा होतं की साधा पिंगळा, कसं ओळखायचं?

आधी डोकं बघा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. वनपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, गडद राखी-तपकिरी असतं; ठिपके असले तरी अगदी पुसट. मग छाती: वनपिंगळ्याची छाती जवळजवळ सलग तपकिरी आणि त्याखाली पोट पांढरंशुभ्र. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय पांढऱ्या पिसांनी बोटांपर्यंत गच्च भरलेले. फोटोत पाय आले असतील तर तेच झूम करून पाहा, माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यांच्यावर आहे.

मापावर मात्र विसंबू नका. वनपिंगळा साधारण २३ सेंमी, साधा पिंगळा २१. दुर्बिणीतून हा फरक कळत नाही. वनपिंगळ्याचं डोकं आणि पाऊलपंजे जरा दांडगे वाटतात, एवढंच. डोक्यापासून पाठीपर्यंत बारीक आडवे पट्टे असतील तर तो तिसराच, जंगल आउलेट नावाचं छोटं घुबड.

वनपिंगळ्यासाठी ठिकाण जुळतं. १८८४ नंतर हा पक्षी शतकभर कुणाला सापडला नव्हता. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट, तानसा इथेही नोंदी झाल्या. दिवसा उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवी झटकणं ही त्याची सवयच. पण साधा पिंगळाही दिवसा दिसतो, म्हणून निव्वळ वेळेवरून ठरवू नका.

आणि कळकळीची विनंती: त्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवू नका, ढोलीची नेमकी जागाही जाहीर करू नका. पक्षी संकटग्रस्त आहे.