कुआरेन्तेना : बंदरातली आणि बाळंतिणीची

प्रश्न : अमेरिकेतील लातिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) वस्त्यांमध्ये कोविडकाळात झालेल्या आरोग्यप्रबोधनावर मी लेख लिहीत आहे. स्पॅनिशमधील 'कुआरेन्तेना'साठी, म्हणजे इंग्रजीतल्या 'क्वारंटाइन'साठी, 'विलगीकरण' चालेल का? तसेच 'लातिनो' लिहावे की 'लॅटिनेक्स' हे लिंगनिरपेक्ष रूप?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी हातावेगळा करतो. 'लातिनो' लिहावे, प्यू संशोधन केंद्राच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या समाजातील जेमतेम 3 टक्के प्रौढ स्वतःला 'लॅटिनेक्स' म्हणवत होते.

'विलगीकरण' मात्र चालणार नाही. बाधिताला वेगळे ठेवणे हे विलगीकरण आणि संसर्गाच्या केवळ संशयावरून वेगळे ठेवणे हे अलगीकरण, हा साधा भेद आपल्या वृत्तपत्रांनी साथीच्या काळात सर्रास धाब्यावर बसवला. पण तुमच्या लेखात 'अलगीकरण'ही अपुरे पडेल. रागुसा (आजचे क्रोएशियातील दुब्रोव्हनिक) बंदराने 1377 मध्ये साथीच्या गावांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवले, पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियन 'क्वारांता', म्हणजे चाळीस, यावरून हा शब्द रूढ झाला, ही हकिकत सर्वत्र छापलेली असते. लातिनो घरांत मात्र 'ला कुआरेन्तेना' म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस : तिचे पोट बांधायचे, तिला वारा लागू द्यायचा नाही, कोंबडीचा गरम रस्सा पाजायचा आणि घरकाम आई, सासू, बहिणींनी उचलायचे.

आकडा चाळीसच का, याचे उत्तर कोणी ख्रिस्ताच्या चाळीस दिवसांच्या उपवासात शोधतात, तर कोणी ग्रीक वैद्यकात. दोन्ही पक्षांना बाळंतिणीची खोली कशी दिसत नाही, याचे मला नवल वाटते. बायबलातील 'लेवीय' पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाल्यास सात अधिक तेहतीस, म्हणजे चाळीसच दिवस सांगितले आहेत. उर्दूतील बाळंतिणीचा 'चिल्ला' फारसीतल्या चाळिसावरूनच आलेला आहे. आणि आपला सव्वा महिना काटेकोर मोजल्यास साडेसदतीस दिवसांचा भरत असला, तरी तो त्याच कुळातला आहे. म्हणून हा आकडा घरातून बंदरावर गेला, बंदरावरून घरात आला नाही, असे माझे ठाम मत आहे. कोशकारांनी ते अद्याप मानलेले नाही, हा त्यांचा प्रश्न.

तुमच्या विषयाशी याचा संबंध असा. सान फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात एप्रिल 2020 मध्ये 'उनिदोस एन सालुद' या उपक्रमाने चाचण्या केल्या, तेव्हा बाधितांपैकी सुमारे 95 टक्के लातिनो निघाले आणि बाधितांतील सुमारे 90 टक्के लोकांना घरून काम करणे शक्य नव्हते. मजुरी बुडणाऱ्याला 'घरीच राहा' हे पत्रक कितीही शुद्ध स्पॅनिशमध्ये दिले, तरी त्याची चूल त्यावर पेटत नाही. घरच्या कुआरेन्तेनेत मात्र पडून राहणाऱ्याचे काम दुसऱ्याने करणे गृहीतच असते, आणि दारोदार फिरणाऱ्या प्रोमोतोरांना, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविकांना, हाच अर्थ हाताशी होता. नुसत्या भाषांतराने काय होते ते व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्याने दाखवलेच : तेथील संकेतस्थळाच्या यांत्रिक भाषांतरात लस 'सक्तीची नाही' याचे 'आवश्यक नाही' झाले होते.

तेव्हा सरकारी आदेशापुरते 'अलगीकरण' लिहा, घराघरांतल्या संभाषणात 'कुआरेन्तेना' तसाच ठेवा, आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी कंसात बाळंतिणीचा अर्थही द्या.