फायनलच्या मॅचेस कडाक्याच्या थंडीत उघड्यावर खेळवाव्यात का? मायनस २१ मध्ये बसून आलेल्याचं उत्तर

प्रश्न असा आहे की अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या मॅचेस, प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) असो नाहीतर सुपर बोल (सगळ्यात शेवटची फायनल), असल्या थंडीत उघड्या मैदानात कशाला खेळवायच्या, सरळ छत असलेल्या स्टेडियममध्ये का नेत नाहीत. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की "माणसं गोठून मरतील अशाने". बरोबर आहे तुमचं, पण अर्धंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्लेऑफ उघड्यावरच व्हाव्यात, सुपर बोल नको, आणि थंडीत सगळ्यात जास्त हाल ज्यांचे होतात ते खेळाडू नसतात. हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं, एका दुपारी पायाच्या अंगठ्यापासून वर वर कळत गेलं.

मी मूळचा निफाडचा. दर डिसेंबरात पेपरात "निफाडचा पारा घसरला" अशी बातमी येते ना, तेच निफाड. पारा ५ वर आला की आमच्या घरात सगळ्यांची झोप उडते, कारण द्राक्षाचे मणी तडकतात, मग वडील पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवणार, ड्रिपने विहिरीचं पाणी सोडणार, आम्ही पोरं कानटोपी घालून मागं मागं. त्यामुळे २०१३ ला मिनियापोलिसला आलो तेव्हा मनात होतं की थंडी काय आपल्याला नवीन नाही. पहिल्याच डिसेंबरात नाकातले केस गोठले तेव्हा कळलं की आपण आयुष्यभर ज्याला थंडी म्हणत होतो तो इथला एप्रिल आहे.

तर १० जानेवारी २०१६. इथली टीम वायकिंग्ज, समोर सिॲटल. वायकिंग्जचं नवीन छताचं स्टेडियम तेव्हा बांधून व्हायचं होतं म्हणून दोन सीझन ते युनिव्हर्सिटीच्या उघड्या स्टेडियममध्ये खेळत होते, आणि आदल्याच रविवारी ग्रीन बेला जाऊन त्यांना हरवून डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकलेला, म्हणून प्लेऑफची मॅच घरी मिळाली. ऑफिसमधल्या एका कलीगकडे एक तिकीट जास्तीचं होतं. हा माणूस इथलाच, जन्मापासून बर्फात वाढलेला. मला म्हणाला येतोस का, मी म्हणालो येतो, आणि मग वेदर बघितलं. सुरुवातीला मायनस २१, वारा धरला तर मायनस ३२ सारखं लागणार. बायको म्हणाली "टीव्हीवर दिसत नाही का?" आता तिला काय सांगणार.

पाच थर घातले. दोन थर्मल, स्वेटर, फ्लीस, वरून जाड जॅकेट, पायात दोन दोन लोकरी मोजे. कलीगने मात्र गाडीतून एक पुठ्ठ्याचा खोका काढला, टीव्हीबिव्हीचा असेल, आणि सुरीने त्याचे दोन चौकोन कापले. मला वाटलं बसायला. म्हणाला बसायला नाही, पायाखाली, काँक्रीट तुझ्या बुटातून सगळी ऊब ओढून घेतं. मी मनात म्हटलं आपण काय स्टेशनवर झोपायला चाललोय का, आणि माझा चौकोन पहिल्या क्वार्टरमध्ये पुढच्या रांगेतल्या एका पोराला देऊन टाकला. उदार झालो होतो. हाफटाइमच्या आधीच दोन्ही अंगठे गायब. दुखत वगैरे नव्हते, नव्हतेच. ऊन होतं चांगलं लख्ख, पण नुसतं दिसायला. फोन बाहेर काढला तर ४० टक्के बॅटरी होती, दोन फोटोत बंद. बिअरच्या ग्लासात वर पापुद्रा धरला होता, दुधावर साय धरते तसा.

मजा आली का? खूप. टॉसच्या वेळी वायकिंग्जचे जुने कोच बड ग्रँट आले, वय ८८, अंगात हाफ बाह्यांचा टीशर्ट. मायनस २१ मध्ये! स्टेडियम नुसतं वेडं झालं. हा माणूस कोच होता त्या काळी टीमच्या बाकापाशी हीटर लावूच द्यायचा नाही, म्हणजे पाहुण्यांची टीम शेकत बसली असेल तेव्हा आमचे पोरं तसेच उभे, आणि समोरच्याने ते बघायचं. आणि शेवट तर काय सांगू, आम्ही ९-१० ने मागे, २२ सेकंद राहिलेले, आणि किकरला फक्त २७ यार्डांवरून दोन खांबांच्या मधून बॉल मारायचा होता, गेला की तीन पॉइंट. आपल्या भाषेत शेवटच्या बॉलला एक रन हवाय आणि समोरून फुल टॉस. ब्लेअर वॉल्शने ती डावीकडून बाहेर घालवली. त्या दिवशीचे आमचे नऊच्या नऊ पॉइंट त्यानेच काढलेले, तीनपैकी दोन किक तर २७ यार्डांपेक्षा कितीतरी लांबून, त्याच थंडीत. म्हणून "थंडीमुळे हरलो" असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. थंडी सिॲटललाही होती.

माझा पहिला मुद्दा इथेच आहे. वानखेडेवर रात्री दव पडतं, दुसऱ्यांदा बॉलिंग करणाऱ्याच्या हातातून बॉल साबणासारखा निसटतो, टॉस जिंकला की अर्धी मॅच जिंकली असं आपणच म्हणतो, तरी वानखेडेला झाकण घाला असं कोणी म्हणत नाही. दव तर एकाच टीमला जास्त नडतं, थंडी निदान दोघांवर सारखी पडते. आणि प्लेऑफमध्ये मॅच कुठे होणार हे चिठ्ठी टाकून ठरत नाही, सीझनभर जास्त चांगलं खेळला त्याला घर मिळतं. ते घर थंड असेल तर थंड. कमावलेलं आहे ते.

या खेळाच्या सगळ्यात जास्त सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीपण थंडीतल्याच. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे विरुद्ध डॅलस, लीगची फायनल (सुपर बोलच्या आधीची, ग्रीन बेच्या घरी), नावच पडलं आइस बोल. मायनस २५ च्या आसपास. त्या वर्षी ग्रीन बेच्या मैदानाखाली विजेच्या तारांचं जाळं टाकलं होतं, माती गरम ठेवायला, ते नेमकं त्या दिवशी कामाला आलं नाही, ताडपत्री काढली आणि खालचा ओलावा जागच्या जागी गोठला. (हे मी वडिलांना फोनवर सांगितलं तर आधी म्हणाले "द्राक्षाच्या बागेत बसवता येईल का बघ", आणि मग बंद पडलं म्हटल्यावर "म्हणजे आपल्या लाइटीसारखंच की".) पंचांच्या शिट्ट्या गोठल्या म्हणून ते ओरडून ओरडून खेळ थांबवत होते. डॅलसकडे बॉब हेस होता, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं गोल्ड जिंकलेला, त्याचे हात एवढे गारठले की बॉल आपल्याकडे येणार नसेल तेव्हा तो हात पँटमध्ये खुपसून पळायचा. ग्रीन बेवाल्यांनी ते हेरलं. हात पँटमध्ये म्हणजे बॉल दुसरीकडे, एवढं साधं. शेवटी १६ सेकंद उरलेले असताना ग्रीन बेचा बार्ट स्टार स्वतः बॉल घेऊन घुसला आणि २१-१७ ने संपलं. छताखाली असलं काही घडलं असतं का? हेसचे हात पँटीत गेलेच नसते.

आता तुमचा अर्धा मुद्दा, जो मला मान्य आहे.

२ फेब्रुवारी २०२२ ला इथंच शेजारी, सेंट पॉलमध्ये, अमेरिका विरुद्ध होंडुरास अशी वर्ल्ड कप क्वालिफायर होती. हा आपल्यावाला फुटबॉल, पायाने खेळायचा. मायनस १६. अमेरिकेने ३-० ने जिंकली, पण होंडुरासच्या दोन जणांना हाफटाइमनंतर खेळताच आलं नाही, त्यात त्यांचा गोलकीपर, आणि गोलकीपरचं बरोबरच आहे, तो बिचारा पळणार कुठे, एका जागी उभा. इथे मला कमावलेलं घर दिसत नाही. एवढा मोठा देश, फ्लोरिडा आहे टेक्सास आहे, आणि फेब्रुवारीत मिनेसोटा निवडता म्हणजे सरळ हिशोब करून निवडता. लोक म्हणतात होंडुरासनेपण २०१३ ला सान पेद्रो सुलाच्या उन्हात दुपारी ३ ला बोलावलं होतं आणि २-१ ने जिंकले होते, फिट्टम्फाट. असेल. पण निदान त्यांच्याकडे दुसरं हवामान नाही, यांच्याकडे चार आहेत.

सुपर बोलचंही तसंच. ती कोणाच्याच घरी नसते, गाव कित्येक वर्षं आधी ठरतं, तिथली थंडी कोणी कमावलेली नसते. म्हणून थंड गाव असेल तर शक्यतो छताखाली घेतात. उघड्यावरचा प्रयोग एकदा केला, २०१४ ला न्यू जर्सीत. वर्षभर त्यावरच चर्चा, आणि मॅचच्या दिवशी निघालं ९ डिग्री, निफाडची सकाळ. सिॲटलने डेन्व्हरला ४३-८ ने धुतलं, थंडीचा काही संबंध नाही. पण दुसऱ्या दिवशी बर्फाचं वादळ आलं आणि घरी जाणारे लोक विमानतळांवर अडकले. एका दिवसाने वाचले. याउलट २०१८ ला आमच्या गावात झाली तेव्हा बाहेर मायनस १७ आणि आत लोक टीशर्टवर. मला तिकीट परवडणं शक्यच नव्हतं, मी बाहेर फिरून फुकटचा कार्यक्रम बघून आलो, दर दहा मिनिटांनी कुठल्यातरी दुकानात घुसून.

पण छत म्हणजे सगळं सुटलं असंही नाही हां. याच वायकिंग्जचं जुनं छत, हवेने फुगवलेलं कापडी, डिसेंबर २०१० मध्ये बर्फाच्या ओझ्याने फाटून खाली आलं. नशीब आत मॅच चालू नव्हती.

आता हाल कोणाचे, ते सांगतो. खेळाडूंच्या बाकाला हीटर असतो, मोठ्ठे कोट असतात, डॉक्टर असतात, आणि मुख्य म्हणजे ते पळत असतात. त्या दिवशी गेटवर तिकीट स्कॅन करणारी एक आजी होती, सत्तरीची तरी असेल. तिचा स्कॅनर थंडीने सारखा झोपायचा, मग ती तो जॅकेटच्या आत काखेत धरायची, पाच सेकंद थांबायची, मग पुढचं तिकीट. स्कॅनर चालवायला बोटं उघडी लागतात म्हणून हातमोज्यांची टोकं कापलेली. आम्ही आत जायच्या दोन तास आधीपासून ती तिथे असणार आणि मॅच तिला दिसणारपण नव्हती. मी हौसेने गेलो होतो, नको झालं असतं तर उठून घरी आलो असतो. तिचं तसं नव्हतं.

आणि यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे, पण टीव्हीसाठी टाळत नाहीत. आमची मॅच निदान दुपारी १२ ला होती. १३ जानेवारी २०२४ ला कॅन्सस सिटीत मायामीविरुद्धची प्लेऑफ रात्री ७ ला ठेवली, मायनस २०, वारा धरून मायनस ३३. असल्या वाऱ्यात उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते आणि मॅच चालते तीन तास. कॅन्सस सिटीच्या महोम्सच्या हेल्मेटचा टक्कर लागून तुकडा उडाला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नंतर बातमी आली की बघायला गेलेल्यांपैकी काही जणांची फ्रॉस्टबाइटमुळे बोटं कापावी लागली, ते एवढं कोणी पाहिलं नाही. तीच मॅच दुपारी ठेवली असती तर थंडी काय पळून गेली नसती, पण डोक्यावर ऊन असतं आणि घरी जाताना अंधार नसता. त्याच वीकेंडला बफेलोची मॅच बर्फाच्या वादळामुळे रविवारची सोमवारी ढकलली, म्हणजे वेळ बदलता येते, रस्ते बंद झाले की सुचतं.

म्हणून मी ठरवणारा असतो तर जागा बदलली नसती, घड्याळ बदललं असतं. ठरावीक थंडीच्या खाली गेलं की संध्याकाळची मॅच बंद, दुपारीच खेळा, जाहिरातवाल्यांनी काय ते बघून घ्यावं. लोकांना मध्येच आत जाऊन शेकून परत यायला जागा द्या. आणि गेटवरच्या माणसांची दर अर्ध्या तासाने बदली करा, ह्याला काही फार पैसे लागत नाहीत.

बाकी तुम्ही स्वतः जायचा विचार करत असाल म्हणून विचारलं असेल तर जरूर जा. अंगठे मला गाडीत हीटरसमोर अर्धा तास बसल्यावर परत मिळाले, आणि परत येताना जे दुखले ते विचारू नका, कलीग शेजारी बसून वॉल्शला शिव्या घालत होता आणि मी नुसता ओरडत होतो, त्याला वाटलं मलापण हरल्याचं तेवढंच दुःख झालंय. डाव्या अंगठ्याला अजून जानेवारी लागला की मुंग्या येतात. फोन आतल्या खिशात ठेवा, मोजे लोकरीचे घाला, सुती नको. आणि पुठ्ठा न्या, दोन न्या, म्हणजे एक कोणाला देता येईल.