फ्लॅटहेड म्हणजे ‘सपाट इंजिन’ नव्हे

प्रश्न आला आहे तो असा: अमेरिकेतल्या जुन्या मिजेट, म्हणजे इवल्याशा गाड्यांच्या, शर्यतींवरच्या एका मराठी लेखात फोर्डच्या ‘व्ही8-60’ या फ्लॅटहेड इंजिनाला ‘सपाट इंजिन’ म्हटलं आहे. हा प्रतिशब्द चालेल का?

नाही चालणार. हल्ली हा शब्द सारखा कानावर येतो आणि दर वेळी खटकतो. सपाट इंजिन असतं ते जुन्या फोक्सवॅगन बीटलचं. त्यात सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे निजलेले असतात. व्ही8-60चे सिलिंडर नावाप्रमाणे ‘व्ही’च्या आकारात तिरपे उभे आहेत. सपाट आहे ते फक्त हेड, म्हणजे सिलिंडरचा माथा, कारण त्यात झडपाच (व्हॉल्व्ह) नाहीत. झडपा खालच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या धडात, सिलिंडरच्या कुशीला, तोंड वर करून बसतात आणि त्यांना उचलणारा कॅमशाफ्ट खाली असतो. हेडला मग पातेल्यावरच्या झाकणाएवढंच काम उरतं. ब्रिटिश यालाच ‘साइड व्हॉल्व्ह’ म्हणतात. महायुद्धानंतर आपल्याकडे राहिलेल्या विलीज जीपचं इंजिनही याच जातीचं.

व्ही8-60 आलं 1937 साली. 136 घनइंच, म्हणजे साधारण 2.2 लिटर, आणि 60 अश्वशक्ती. फोर्डच्या मोठ्या गाडीला ते ओढायला कमीच पडायचं, पण इवल्याशा मिजेट गाडीत चपखल बसलं. शर्यतीसाठीच बनवलेल्या महागड्या ऑफेनहाउझर इंजिनाला दोन ओव्हरहेड, म्हणजे वर हेडमध्ये बसवलेले, कॅमशाफ्ट होते. ते न परवडणाऱ्यांनी हे स्वस्तातलं इंजिन घासूनपुसून शर्यतीत उतरवलं. 1950 साली इंजिनं शर्यतीसाठी तयार करणारे व्हिक एडेलब्रॉक यांच्या अशाच गाडीने, इंधनात नायट्रोमिथेन मिसळून, लॉस एंजेलिसच्या गिलमोर स्टेडियममध्ये ऑफेनहाउझरवाल्यांना हरवलं. चालक होते रॉजर वॉर्ड. अशा इंजिनाला नुसतं ‘सपाट’ म्हणून मोकळं व्हायचं?

पण खरी गंमत आहे ‘झडप’ या शब्दात. ‘झडप हा व्हॉल्व्हसाठी पाडलेला पुस्तकी शब्द’ असं जाणकार म्हणवणारेही बिनदिक्कत सांगतात. हे साफ चूक आहे. यांनी जुन्या वाड्याची खिडकी कधी लावून घेतलेली दिसत नाही! खिडकीच्या फळीला आपण झडपच म्हणत आलो. आणि ‘व्हॉल्व्ह’ आला कुठून? लॅटिन ‘वाल्वा’, म्हणजे दुमडत्या दाराची फळी. यंत्र दोघांच्याही स्वप्नात नव्हतं तेव्हा रोमन माणूस आणि मराठी माणूस दाराच्या फळीपाशीच उभे होते. नंतर दोन्ही शब्द हृदयात शिरले, इंजिनात शिरले.

‘वाल्वा’चं नातं ‘वोल्वेरे’शी, म्हणजे फिरण्या-वळण्याशी जोडतात, आणि त्याच मूळ धातूच्या गोतात संस्कृत ‘वलते’ येतं. म्हणजे आपलं ‘वळणं’ही. गॅरेजमधले मेस्त्री ‘वॉल घासायला दिलेत’ म्हणतात, तेव्हा ते ‘वळणा’च्या दूरच्या भावंडालाच हाक मारत असतात.

आणखी एक. ससाणा घालतो ती झडप आणि खिडकीची झडप हे दोन वेगळे शब्द मानू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ‘झट’, ‘झडप’, ‘झपाटा’ या सगळ्यांत एकच चपळाई आहे. फळी झटक्यात मिटते म्हणून ती झडप. इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट 2,000 घेतो, म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला तेहेतीसेक वेळा उघडते-मिटते. ‘व्हॉल्व्ह’ या शब्दात हा वेग ऐकू येत नाही, ‘झडप’मध्ये येतो.

तेव्हा लेखात ‘फ्लॅटहेड’च ठेवा. मराठीच हवं असेल तर ‘बाजूझडपी इंजिन’ लिहा.